विभूतीचं पाणी

वहिनी पहिली दिवाळी माहेरी करून परत आली तेव्हा तिच्या एका हातात फराळाची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात डालड्याचा जुना डबा. डब्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी हिरवं होतं आणि त्याची पानं काठावरून खाली लोंबत होती. किनवटहून आगगाडीनं मुदखेड, तिथून नांदेड आणि नांदेडहून एस.टी.नं लातूर, एवढ्या प्रवासात तिनं तो डबा मांडीवरून खाली ठेवला नाही, असं दादा वैतागून आईला सांगत होता. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, वहिनीचा नवरा. "कंडक्टर मला म्हणतो, पावणं, झाडाचं हाप तिकीट काढा," तो म्हणाला. आई हसली, मी हसले. वहिनी मात्र डबा पोटाशी धरून दारातच उभी होती आणि घरात सावली कुठं आहे ते बघत होती.

आमचं घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होतं. माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, जाड भिंतींचं, आत दिवसाही अंधार आणि गारवा. बाबांची धान्याची आडत होती आणि दादा त्यांच्या हाताखाली असे. त्यामुळे घरात बाकी कशाची टंचाई झाली तरी गोणपाटाची कधी झाली नाही. पायपुसणं गोणपाटाचं, म्हशीची झूल गोणपाटाची, पावसात डोक्यावर घ्यायची खोळ तीही गोणपाटाची. मागच्या दारातून पायऱ्या उतरल्या की एक अरुंद बोळ होता. एका अंगाला आमची भिंत, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांची, आमच्याहून उंच. ऊन तिथं भर दुपारी जरा डोकावायचं आणि निघून जायचं. बोळाच्या तोंडाशी पाण्याचे रांजण होते, ते पाझरायचे, म्हणून खालची जमीन कायम ओलसर असायची आणि आमची मांजर उन्हाळा तिथंच काढायची. आईच्या लेखी त्या बोळाचा उपयोग सरपण ठेवण्यापुरता. वहिनीनं त्या दिवशी चहासुद्धा न घेता सगळं घर पायाखाली घातलं आणि बोळात जाऊन थांबली. "इथं चालतंय," ती म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून या घराबद्दल तिनं दिलेलं ते पहिलं मत.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. आता सांगून खरं वाटणार नाही, पण जो तो जरा ताठ चालायला लागला होता. भाड्याच्या घरांवर सरकारी कचेऱ्यांच्या पाट्या लागत होत्या, गल्लीत जीप आली की पोरं मागं धावत आणि नव्यानं बदली होऊन आलेले साहेब लोक खोली मिळेल का म्हणून दारोदार विचारत फिरत. बाबांनी दुकानाच्या पाटीवरचं जि. उस्मानाबाद पुसून जि. लातूर करून घेतलं. पेंटरनं रंगाचा एकच हात दिला, त्यामुळे नव्या अक्षरांखाली जुनी अक्षरं कितीतरी दिवस दिसत राहिली. जिल्हा झाला खरा, पण त्याच वर्षी पाऊस रुसला. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. बाजारात लोक एकमेकांना चिडवत, जिल्हा मागितला तो दिला, आता पाणीबी मागता का? ही चेष्टा दिवाळीपर्यंत चालली, नंतर कुणी करेना.

झाड लावायचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी झाला आणि तो बघायला मी शाळा बुडवली. वहिनीनं आधी बोळातली काळी माती उकरून काढली. आपली काळी माती म्हणजे कापसाची, ज्वारीची. ओली झाली की गच्च धरून बसते, वाळली की हात जाईल एवढी भेगाळते. त्या जागी तिनं तळाला विटांचे तुकडे घातले, वर वाळू, आणि मग ट्रंकेतून उशीचा एक फुगलेला अभ्रा काढला. आईला वाटलं कापूस आहे. अभ्र्यातून निघाला कुजलेला पालापाचोळा, काळाभोर, हातात घेतला की भुगा होणारा, पावसात भिजलेल्या रानासारख्या वासाचा. आईनं शेणखत देऊ केलं, तर वहिनी म्हणाली, "नको आई, याला ते लई कडक होतंय." आईला ते लागलं. आमच्या शेणखतात काय वाईट आहे, असं ती संध्याकाळपर्यंत भांड्यांना विचारत होती. वहिनीनं झाड बसवलं ते अगदी वरच्यावर. "याची मान मोकळी ठेवायची असती, मंगलताई. मान पुरली की कुजतंय." मी आठवीत होते, ती माझ्याहून चांगली पाच-सहा वर्षांनी मोठी. पण मी नणंद, म्हणून मी ताई. मला त्या ताईपणाची इतकी लाज वाटायची आणि इतकं बरंही वाटायचं.

शाळेच्या पुस्तकात नेच्याचं चित्र होतं, फूल न येणारी वनस्पती म्हणून. मी पुस्तक आणून ते वहिनीला दाखवलं. तिनं चित्र निरखून बघितलं आणि म्हणाली, "हेच. पण ह्येला आमी नावच दिलं न्हाई कधी. ओढ्याचं झाड म्हणायचो." तिचे वडील किनवटला जंगलखात्याच्या लाकूडडेपोत कारकून. घरामागं सागाचं रान आणि रानात ओढा. उन्हाळ्यात सागाची पानं गळून सगळं रान उघडं पडतं, लांबच्या माणसाचीही चाहूल पाचोळ्यातून लागते. पण ओढ्याच्या कपारीत, मोठ्या दगडांच्या आडोशाला, हे झाड बारा महिने हिरवं. तिचं लहानपण त्या दगडांवर बसून गेलेलं. नवीन पान यायचं ते चकलीसारखं वेटोळं करून यायचं आणि दिवसादिवसानं उलगडायचं. हे सांगताना ती भरभर बोलायची. एरवी घरात तिचं बोलणं हो, नाही आणि वाढू का एवढंच. दादा चांगला होता, पण त्याला बायकोशी चारचौघांत बोलायचं म्हणजे अंगावर काटा येई. तो दुकानातून यायचा, जेवायचा आणि माळवदावर जाऊन झोपायचा. मला त्याचा फार राग यायचा. अजूनही येतो, आणि तो आता सत्तरीचा आहे.

येळवशीला आम्ही सगळे शेतात गेलो. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमच्याकडे गावात माणूस सापडत नाही. जो तो शेतात कडब्याच्या कोपीपुढं भज्जी-भाकरी खात आणि आंबील पीत बसलेला. त्या वर्षी शेतात हिरवं म्हणून काही नव्हतं, भज्जीच्या भाज्या बाजारातून आणल्या होत्या. कोरड्या ढेकळांत आम्ही पंगत मांडली. आंबिलीचा माठ मात्र भरून होता, ताकाची, ज्वारीच्या पिठाची, लसूण-आलं घातलेली आंबील. जेवणं झाल्यावर वहिनी दिसेना. बघतो तर बांधावरच्या आंब्याखाली पदर खोचून बसलेली आणि खोडाच्या बुडाशी साठलेला जुना पाला हातानं उपसून गोणपाटात भरते आहे. शेजारच्या शेतातल्या बायका बघून हसत होत्या. दादाचा चेहरा पडला. आई काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात आमचे अप्पा कोपीतून म्हणाले, "भरू द्या. सून शेतातून काय सोनं न्हाई न्हेऊन राहिली."

अप्पा म्हणजे माझे आजोबा. घरात त्यांच्या शब्दापुढं शब्द नव्हता आणि म्हणून ते शब्द फारसे वापरतही नसत. सकाळी अंघोळ करून ते लिंगपूजेला बसले की घर कुजबुजत चालायचं. डाव्या तळहातावर इष्टलिंग, समोर तांब्याचा तांब्या, विभूतीची वडी. पूजा होईपर्यंत त्यांनी कधी पाण्याचा घोट घेतलेला मला आठवत नाही, तापानं फणफणले असतानासुद्धा नाही. वडी ओली करून ते कपाळावर, दंडावर, छातीवर तीन-तीन बोटांचे पट्टे ओढत, लिंगाला विभूती लावत आणि तीच बोटं त्याच पाण्यात बुडवत. शेवटी ते पाणी दुधासारखं पांढरं होई. हे पाणी मोरीत टाकायचं नाही, कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही. त्यातलं थोडं तीर्थ म्हणून आमच्या तळहातावर पडायचं, त्याला थंड मातीसारखी चव असायची, आणि उरलेलं अंगणातल्या बेलाच्या बुडाशी. बेल त्या पाण्यावर वर्षानुवर्षं पोसला होता. माळवदाच्या वर गेला होता.

होळी झाली आणि पाण्याचे खरे हाल सुरू झाले. अंगणातला आड तळाला गेला, मग चिखल वर येऊ लागला, मग तोही थांबला. नळ येई तेव्हा गल्लीत भांड्यांची रांग लागे आणि जी भांडणं होत ती ऐकून आमची म्हातारी शेजारीण म्हणे की आता नवीन शिव्या शिकण्यासारख्या राहिल्या नाहीत. आम्ही अंघोळ परातीत बसून करत होतो, म्हणजे ते पाणी म्हशीच्या गोठ्याला. डाळ-तांदळाचं धुवण म्हशीला. आईनं रांजण बोळातून उचलून स्वयंपाकघरात नेले, कारण दारात उघड्यावर पाणी ठेवणं आता शहाणपणाचं नव्हतं. रांजण गेले, पाझर गेला. आणि बाबांनी जेवताना सगळ्यांदेखत सांगितलं की यापुढं झाडांना पाणी नाही. त्यांनी वहिनीकडे बघितलंही नाही, पण ते कोणासाठी आहे हे घागरींनाही कळलं असतं.

वहिनी मान खाली घालून वाढत राहिली. अप्पांनी हात धुतला आणि म्हणाले, "माझ्या पूजेचं पाणी तर फेकून देता येत न्हाई. बेलाची मुळं खोल हायती, त्यो बघून घेईल. उद्यापासून ते पोरीच्या झाडाला."

हे केवढं होतं हे मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर अप्पा तांब्या घेऊन मागच्या दारी आले. त्यांचे गुडघे दुखरे, पायऱ्या उतरायच्या म्हणजे भिंतीला हात, एक पाय, थांबा, दुसरा पाय. वहिनी खाली हात पुढं करून उभी. त्यांनी नेच्याच्या बुडाशी पाणी घातलं आणि तिथंच शेवटच्या पायरीवर टेकले. गुडघ्यांना लगेच परत चढणं जमणार नव्हतं, म्हणून टेकले असतील. पण बसलं की माणूस बोलतो. "तुमच्या किनवटात पाऊस केवढा पडतो गं?" त्यांनी विचारलं. वहिनीनं सांगितलं. मग ते रोजचं झालं. पावसाचं झालं, सागाचं झालं, डेपोतल्या हत्तीएवढ्या ओंडक्यांचं झालं, अस्वलाचं झालं. अप्पा आपल्या तरुणपणातल्या निजामाच्या राज्यातल्या गोष्टी सांगत, ज्या आम्ही नातवंडांनी कधी ऐकल्या नव्हत्या, कारण आम्ही कधी विचारल्या नव्हत्या. मी दात घासायच्या निमित्तानं बोळाच्या तोंडाशी उभी राही. वहिनी हसली की आवाज घरात येई आणि आई पोळपाटावरून मान वर करून बघे.

नेचा मात्र पिवळा पडायला लागला. आधी पानांची टोकं तपकिरी झाली, मग कडा, मग एक एक पान मधूनच मान टाकू लागलं. नवीन वेटोळं वर यायचं आणि उलगडायच्या आधीच काळं पडायचं. पाणी रोज मिळत होतं, सावली होती, वहिनी भिंतीवर ओलं गोणपाट टांगत होती, तेही आपल्या अंघोळीच्या पाण्यात भिजवून. अप्पा रोज वाकून बघत आणि तांब्या जास्तच तिरका करत. "उन्हाळा हाय. धरंल जीव," म्हणत. वहिनी म्हणायची, "हाव, अप्पा."

त्यातच निलंग्याची आत्या आली. अप्पांची थोरली लेक. निलंग्याला पाणी आमच्याहून वाईट, म्हणून पाऊस पडेपर्यंत इकडंच राहायचं ठरवून आली होती, दोन बोचकी आणि लोणच्याची बरणी घेऊन. आत्याला मी वाईट म्हणणार नाही. तिच्या हातचं शेंगांचं कूट घातलेलं वांगं पुन्हा कुणाला जमलं नाही, आणि माझ्या आजारपणात ती माझ्या उशाशी बसून असायची. पण तिचं तोंड म्हणजे उघडं दार होतं. चार दिवस तिनं बोळातला तो प्रकार बघितला आणि पाचव्या दिवशी आईला स्वयंपाकघरात म्हणाली, मी तिथंच लसूण सोलत होते, "लिंगाच्या पाण्यानं वाळलेलं झाड म्या तरी जल्मात बघितलं न्हाई. ना फूल, ना फळ. असलं झाड घरात आणतंय का कुणी? आणि वरीस होत आलं लग्नाला." आई म्हणाली, "अक्का, झाडाचं काय त्यात." आत्या म्हणाली, "झाडाचं न्हाई म्हणून राहिले मी." वहिनी दाराआड घागर घेऊन उभी होती. तिनं घागर खाली ठेवली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

त्यानंतर गोष्टी हळूहळू, कुणी काही ठरवल्यासारखं न दाखवता, ठरत गेल्या. सुनेला उन्हाळ्यापुरतं माहेरी धाडावं, तिकडं पाणी आहे. घरात पाण्याचं एक तोंड कमी. पाऊस पडला की बघू. हे 'बघू' माझ्या कानाला खटकलं. आमच्या गल्लीत अशीच एक सून पाऊस पडला की बघू म्हणून गेली होती. त्यानंतर दोन पावसाळे गेले आणि तिच्या खोलीत आता भाडेकरू होते. दादाला विचारलं, तर तो म्हणाला, "जाऊन येईल की चार दिवस." मी त्याला म्हणाले की तू दगड आहेस. त्यानं मला एक ठेवून दिली. मार खाल्ला, पण बोलल्याचं समाधान आजही आहे.

त्या दुपारी सगळे पडले होते. मी बोळात गेले तर वहिनी नेच्यापाशी उकिडवी बसलेली आणि हातात तिच्या वाट्याचा पाण्याचा पेला. ती तो झाडाच्या बुडाशी अगदी बारीक धारेनं सोडत होती. स्वतःच्या पिण्याचं पाणी. मी काही बोलायच्या आत तिनं बोटानं वरचा पाला बाजूला केला. खाली पांढरा थर होता, वाळलेल्या चुन्यासारखा, कडक. "विभूती हाय," ती म्हणाली. "राख ती. आमच्या डेपोत सालीची राख जिथं टाकायचे ना, तिथं गवत लई यायचं, पण हे झाड कधी यायचं न्हाई. बेलाला चालतंय. ह्येला न्हाई चालत. म्या धुऊन काढू पाहून राहिले, पण पेल्यानं काय होतंय."

"मग अप्पांना सांग की," मी म्हणाले.

"काय सांगू? तुमचं तीर्थ बाधून राहिलं म्हणून?"

मी म्हणाले मी सांगते. तिनं माझा हात घट्ट धरला आणि आपल्या गळ्याची शपथ घातली. ती शपथ मी कधीच मोडू शकले नाही, शपथ म्हटलं की मी अजून घाबरते. परवा माझ्या नातीनं नर्सरीतून नेच्याची कुंडी आणली, प्लास्टिकची, त्यावर इंग्रजी नावाचं लेबल, आणि मला म्हणाली, आज्जी, याला फक्त ओलावा आणि सावली लागते, एकदम सोपं आहे. मी हो म्हणाले. सोपं आहेच, घरात दुसरी माणसं नसतील तर.

जायचा दिवस ठरला. वहिनीची ट्रंक भरून दारात आली. दादा नांदेडच्या गाडीपर्यंत पोचवायला जाणार होता. तिनं निळं इरकली लुगडं नेसलं होतं, केसांत काही नव्हतं, कारण फुलं बाजारात उरली नव्हती. आईनं दहीभात बांधून दिला. आत्या ओटी भरायला तांदूळ घेऊन बसली होती आणि खरं सांगायचं तर तिचा चेहराही उतरला होता. आपल्या बोलण्याचं एवढं होईल असं तिला वाटलं नसावं, किंवा वाटलं असेल, पण प्रत्यक्ष बघणं निराळं. अप्पांची पूजा झाली. ते नेहमीसारखे तांब्या घेऊन मागच्या दारी गेले. वहिनी त्यांच्या मागं गेली, हात द्यायला. मी गेले. मग आत्या आणि आईही दारात येऊन उभ्या राहिल्या.

नेच्यावर तेव्हा दोनच पानं उरली होती. अप्पा वाकले, तांब्या तिरका केला, आणि वहिनी खाली बसली आणि तिनं आपली ओंजळ झाडाच्या वर धरली. पांढरं पाणी तिच्या ओंजळीत पडलं. तिनं ते कपाळाला लावलं आणि प्यायली. पुन्हा ओंजळ धरली. अप्पांनी पुन्हा ओतलं, कारण तीर्थाला हात पुढं आला की ओतायचंच, तसा त्यांचा हात आपोआपच वळला. ती तेही प्यायली. तिसऱ्यांदा ओंजळ पुढं आली तेव्हा अप्पा थांबले. तिच्या हनुवटीवरून पांढरे ओघळ उतरले होते आणि झाडावर एक थेंब पडला नव्हता.

"झाडाला नको का, पोरी?" अप्पांनी विचारलं.

वहिनी म्हणाली, "झाडाला सोसत न्हाई, अप्पा. माणसाला सोसतंय." आणि मग, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर, तिनं हातानं माती बाजूला केली आणि तो पांढरा थर दाखवला. राखेचं सांगितलं, डेपोचं सांगितलं. ती कुठंही अडली नाही. आत्यानं तोंडाला पदर लावला.

अप्पा भिंतीला धरून सावकाश पायरीवर टेकले. त्यांनी तो थर नखानं खरवडून बघितला, बोटं एकमेकांवर चोळली. "कवा कळलं तुला हे?"

"पयल्याच महिन्यात."

"मग बोलली का न्हाईस?"

वहिनीनं पदरानं हनुवटी पुसली. ती आपल्या ओल्या तळव्यांकडे बघत होती. "बोलले असते तर तुमी पानी बेलाला घातलं असतं," ती म्हणाली. "मग तुमी कशाला पायऱ्या उतरून आला असता."

मी अप्पांना रडताना कधी बघितलं नाही, त्या दिवशीही नाही. पण त्यांचा अंगठा तांब्याच्या काठावरून फिरत राहिला. त्या एवढ्या मोठ्या, माणसांनी भरलेल्या घरात या पोरीशी बसून बोलणारं मोठं माणूस आपण एकटेच आहोत आणि तेवढ्यासाठी तिनं आपलं झाड मरू दिलं आहे, हे ते मनात मांडत असावेत. मी तरी मांडत होते. दारात आई उभी होती, तिनं डोळे पुसले आणि ते लपवलंही नाही.

शेवटी अप्पांनी वर मान केली आणि आत्याकडे बघितलं. "तुला निलंग्याला कवा जायचं हाय?" त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं. आत्या म्हणाली, "जाईन की, पाऊस पडला की." अप्पा म्हणाले, "मग ही बी जाईल माहेरी. पाऊस पडला की, पंचमीला. आणि पंचमी झाली की येईल." मग त्यांनी दादाला हाक मारून ट्रंक आत न्यायला सांगितली. दादानं ती उचलली, आणि मला आजही शपथेवर सांगता येईल की तेवढी जड ट्रंक इतक्या हलक्या पायानं नेलेला माणूस मी बघितला नाही. त्याला ते बोलता येत नव्हतं, एवढंच.

नेचा जगला, हे इथंच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव त्यातच अडकेल. त्याच दुपारी वहिनीनं आणि मी तो उपटून मुळं सोडवली, पांढरी माती खरवडून काढली आणि येळवशीला आणलेला आंब्याचा पाला घालून पुन्हा लावला. उरलेली दोन पानंही गेली. कितीतरी दिवस तिथं नुसता तपकिरी गड्डा होता आणि आत्या, जी खरोखरच पाऊस पडेपर्यंत राहिली, ती येता-जाता त्याच्याकडे वाकून बघायची, कुणी बघत नसेल तेव्हा. वेटोळं वर आलेलं पहिल्यांदा तिनंच बघितलं.

पण मला लिहायचं होतं ते दुसऱ्या दिवसाच्या सकाळचं. अप्पा अंघोळ करून पूजेला बसले. सोवळं नेसलेले, लिंग अजून गळ्यातल्या करडकीच्या डबीत, विभूतीच्या वडीला हात लावलेला नाही. घर कुजबुजत होतं. आणि अप्पांनी पूजेच्या पाटावरून मोठ्यानं हाक मारली, "गौरा". वहिनीला नावानं हाक मारलेली आम्ही त्या घरात तेव्हा पहिल्यांदा ऐकली. ती धावत आली, दाराशी थबकली. अप्पांनी समोरचा भरलेला तांब्या उचलून तिच्यापुढं धरला. "ह्यातलं आधी झाडाला घाल. चोख हाय, काई लागलेलं न्हाई. उरंल त्यात माझी पूजा हुईल." लिंगाच्या आधी दुसऱ्या कशाला पाणी देणं आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. वहिनीनं दोन्ही हातांनी तांब्या घेतला, बोळात जाऊन थोडं घातलं, थोडंच, आणि परत आणून ठेवला.

अप्पांची पूजा झाली. त्यांनी तीर्थ दिलं, उरलेलं बाबांच्या हाती बेलाला धाडलं. आता मागच्या दारी जायचं त्यांना काही कारण उरलं नव्हतं. वहिनी चुलीपुढं पाठमोरी बसून भाकरी थापत होती आणि तिची थाप चुकत होती. अप्पा उठले. भिंतीला हात लावत मागच्या दाराशी गेले, आणि एक पाय, थांबा, दुसरा पाय असं करत, रिकाम्या हातांनी, त्या पायऱ्या उतरले.